सातवा निकष आणि पत्रा

पर्यावरणाचा नंबर महाविद्यालयात सातवा लागतो. हे माझे मत नव्हे, ‘नॅक’चे आहे. बेंगळुरूला बसून देशभरातल्या कॉलेजांना श्रेणी देणारी ही संस्था १९९४ साली निघाली. तिचे निकष सात. पहिला अभ्यासक्रमाचा, दुसरा शिकवण्याचा, तिसरा संशोधनाचा, चौथा इमारती-ग्रंथालयांचा, पाचवा विद्यार्थ्यांचा (पाचव्या नंबरावर का होईना, आठवण ठेवली आहे), सहावा कारभाराचा, आणि सातव्यात उरलेसुरले सगळे: मूल्ये, चांगले पायंडे, पर्यावरण. हजार गुणांपैकी शंभर या सातव्याला. सौर पॅनेल आहे का, पावसाचे पाणी साठवता का, दिवे एलईडीचे आहेत का, वीज वाचवायला सेन्सर आहेत का, आवारात सायकली फिरतात का, असे प्रश्न. उत्तर नुसते ‘हो’ असून भागत नाही. फोटो लागतो, आणि फोटोवर अक्षांश-रेखांश उमटलेले लागतात. त्यामुळे जे फोटोत येत नाही ते पर्यावरण नव्हे, असा एक आठवा निकष आपोआप तयार झाला आहे.

मी सांगतोय त्या कॉलेजचे नाव सांगणार नाही. पेण आणि रोहा यांच्या दरम्यान कुठेतरी आहे एवढे पुरे. एसटी, मेमू आणि मिनिडोर यांपैकी काही ना काही तिथे पोचते. मी तिथे मराठी शिकवून निवृत्त झालो. निवृत्त मराठीच्या मास्तराला कॉलेज दोनच कारणांनी परत बोलावते: शोकसभेत बोलायला आणि घोषवाक्ये करून द्यायला. मला दुसऱ्या कारणासाठी बोलावले होते. नॅकची समिती येणार होती, आणि तोवर आवारातल्या प्रत्येक भिंतीने पर्यावरणाबद्दल काहीतरी बोलणे आवश्यक होते. मी ‘प्लास्टिक टाळा’वर चार ओळी जुळवून दिल्या. त्या फ्लेक्सवर छापून आल्या.

आता वीज वाचवणाऱ्या सेन्सरचे घ्या. तो आमच्याकडे पूर्वीपासून होता. त्याला आम्ही मामा म्हणतो. तास संपला की मामा वर्गात डोकावतात; माणूस दिसला नाही तर पंखे-दिवे बंद करतात, आणि दिसला तर त्याच्याकडे असे बघतात की तोच उठून बंद करतो. हे दुसरे काम बाजारातला कुठलाही सेन्सर करत नाही. पण मामांचा अक्षांश-रेखांशासह फोटो काढला तर तो मामांचा फोटो होतो, वीजबचतीचा होत नाही. म्हणून दोन खोल्यांत खरे सेन्सर बसवले. माणूस हलला तरच ते दिवा चालू ठेवतात. परीक्षेला मुले मान खाली घालून लिहायला लागली की थोड्या वेळाने अंधार. मग मुले हात हलवतात, दिवा लागतो, आणि पर्यवेक्षक पुरवणी घेऊन धावत येतात. आता परीक्षेच्या दिवशी त्या खोलीत मामांना उभे करतात आणि अधूनमधून येरझारा घालायला सांगतात. म्हणजे सेन्सर चालू ठेवायला मामा.

सायकलींचेही तसेच. आवारात सायकल वापरणारा माणूस एकच: पुन्हा मामा. बाकी मुले पेणहून, वडखळहून, नागोठण्याहून, कोलाडहून एसटीने आणि मिनिडोरने येतात. मिनिडोरमध्ये परवान्यावर लिहिलेल्यापेक्षा जास्त माणसे बसतात, हे पोलिसांच्या दृष्टीने गैर असले तरी माणशी डिझेलच्या हिशेबात जगातल्या कुठल्याही विद्यापीठाने मान खाली घालावी असे आहे. पण दाटीवाटीने बसलेल्या मिनिडोरचा फोटो अहवालात कसा लावणार? त्यापेक्षा ‘नो व्हेईकल डे’ साजरा झाला. मुलांना त्या दिवशी काहीच वेगळे वाटले नाही. प्राचार्यांनी गाडी फाटकाबाहेर लावली आणि मामांनी सायकलवरून आवाराला चकरा मारल्या. फोटोत प्रत्येक चकरेला पिशवी वेगळी आहे.

मग वृक्षगणना. आमच्या भागाला झाडांची आणि पैशाची, दोन्हींची परंपरा आहे. चिंतामणराव देशमुखांचे बालपण रोह्यात गेले. केंब्रिजला त्यांनी वनस्पतिशास्त्राचे फ्रँक स्मार्ट पारितोषिक मिळवले आणि पुढे १९४३ साली ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. झाडांची समज आणि हिशेबाची समज एकाच डोक्यात असल्याचा आमच्याकडचा हा बहुधा शेवटचा दाखला. कॉलेजच्या हरित समितीत या दोन गोष्टी दोन वेगळ्या माणसांकडे होत्या, वनस्पतिशास्त्राच्या बाई आणि हेडक्लार्क, आणि त्यांचे एकमेकांशी बोलणे नव्हते. बाईंनी केळी मोजायला नकार दिला. केळ हे झाडच नव्हे, वर दिसते ते तिचे खोड नव्हे, ती पानांच्या देठांच्या बुडांची गुंडाळी असते, हे त्यांनी समितीला समजावून सांगितले. हेडक्लार्क म्हणाले, “बाई, तुम्ही तिला झाड म्हणू नका. फक्त मोजा.” शेवटी केळी ‘इतर’ या रकान्यात गेल्या. ‘इतर’ची बेरीज झाडांपेक्षा मोठी झाली.

प्रत्येक झाडाला क्यूआर कोडही लावला होता. मोबाईल धरला की झाडाचे शास्त्रीय नाव, कूळ, औषधी उपयोग. पहिल्या पावसात निम्मे कोड गळून पडले. मामांनी ते गोळा केले, वाळवले आणि दिसेल त्या झाडाला पुन्हा चिकटवले. सध्या फाटकाजवळचा आंबा स्वतःला सुरू म्हणवतो, आणि सीताफळाची साल तापावर गुणकारी झाली आहे.

हे सगळे तसे निरुपद्रवी. खरी गोष्ट इमारतीची आहे.

जुनी इमारत कोणी वास्तुविशारदाने काढलेली नव्हे. गावातल्या मिस्त्रीने बांधली. जागा अरुंद होती म्हणून ती पूर्व-पश्चिम लांबट झाली. उत्तरेला खिडक्या, दक्षिणेला रुंद ओटीसारखा व्हरांडा, वर मंगलोरी कौले. दक्षिणेचे ऊन व्हरांड्यातच अडते, वर्गात येत नाही. पूर्व-पश्चिमेच्या भिंती आखूड, त्यामुळे सकाळ-संध्याकाळचे आडवे ऊन खायला भिंतच फारशी नाही. दमट हवेत मुंबई काय आणि पेण काय, माणसाला गारवा येतो तो अंगावरचा घाम उडाल्याने, आणि घाम उडायला वारा लागतो. समोरासमोर खिडक्या असल्या की झाले. शाळेत आपण खारे वारे आणि मतलई वारे पाठ केले होते. धरमतरच्या खाडीवरून दुपारी येणारे खारे वारे आमच्या जुन्या वर्गांत हजेरी न घेता येतात आणि जातात.

जुन्याचे फार गोडवे गाण्याचा माझा मात्र विचार नाही. कौलांच्या छपराखाली ज्याने नोकरी केली त्याला ते जमणारही नाही. मे महिन्यात कौले चाळून घ्यायला माणूस मिळत नाही. मिळालाच तर चालून गेल्यावर आधीपेक्षा जास्त कौले फुटतात. उरलेली माकडे फोडतात. माझ्या एका तासाला वरून विंचू पडला होता, आणि त्या दिवशी वर्गाने माझ्याकडे जेवढे लक्ष दिले तेवढे पुन्हा कधी दिले नाही. खिडक्यांचे आकडे गेलेले, वाऱ्याने त्या आपटत. ‘वारा चांगला आहे’ हे वाक्य जुन्या इमारतीत ओरडून म्हणावे लागे.

नवी इमारत ठरवून ‘ग्रीन’ बांधली. तिचे तोंड पश्चिमेला आहे, कारण पश्चिमेला हायवे आहे आणि इमारत हायवेवरून दिसली पाहिजे असा विश्वस्तांचा आग्रह होता. तोंडाला वरपासून खालपर्यंत काच. काच कशासाठी, तर नैसर्गिक उजेड यावा, वीज वाचावी. दुपारी दोननंतर नैसर्गिक उजेड असा आला की फळ्यावरचे दिसेना. मग पडदे लावले. पडद्यांनी अंधार झाला. मग दिवे लावले. एवढ्यावर हायवेचे काम आले. पळस्पे ते इंदापूर या ८४ किलोमीटरचे चौपदरीकरण २०११ साली सुरू झाले होते. त्याला किती वर्षे लागली हे आमच्या भागात कोणी विचारत नाही, लहान मुले घरात असतात. तर आमच्या बाजूला त्या कामाचा भराव पडला, रस्ता वर गेला, आणि आता हायवेवरून इमारतीचा फक्त वरचा मजला दिसतो. सूर्य मात्र तिन्ही मजल्यांवर सारखाच पडतो.

याच पश्चिमेच्या बाजूला, काचेच्या एका टोकाला, नकाशात जिना आणि स्वच्छतागृहे आली. म्हणजे खारे वारे आधी तिथे जातात आणि मग वर्गांकडे वळतात. वर्गांच्या खिडक्या बंद झाल्या त्या यामुळे. उघड्या असत्या तरी त्या सरकत्या ॲल्युमिनियमच्या. सरकत्या खिडकीची एक काच कायम दुसरीच्या मागे उभी असते, त्यामुळे आठ फुटांच्या खिडकीतून वारा येतो चार फुटांतूनच. खिडक्या बंद म्हणून एसी आले. एसीने बिल वाढले म्हणून छतावर सौर पॅनेल आले. हिशेब भौतिकशास्त्राच्या सरांनी मांडून दाखवला: एक किलोवॅटच्या पॅनेलला साधारण शंभर चौरस फूट जागा लागते आणि त्यातून दिवसाला चार युनिटच्या आसपास वीज मिळते, दीड टनी एसी तासाला दीडेक युनिट खातो. दहा किलोवॅटचे पॅनेल बसवले की पाच एसी पाच-साडेपाच तास चालतात. म्हणजे सूर्य काचेतून आत येतो, त्याला बाहेर काढायला एसी लावायचा, आणि एसी चालवायला वरती पुन्हा सूर्यालाच कामाला लावायचे. हेडक्लार्कांना हा व्यवहार फार आवडला. “जमा-खर्च जुळतो,” ते म्हणाले.

देशात या विषयात खरोखरचे काम झालेले नाही असे मात्र कोणी म्हणू नये. ‘गृह’ नावाची आपली स्वतःची तारांकन पद्धत आहे, ‘टेरी’ आणि केंद्र सरकारच्या अक्षय ऊर्जा मंत्रालयाने मिळून काढलेली; तिचे पहिले पंचतारांकन आयआयटी कानपूरच्या पर्यावरणशास्त्राच्या इमारतीला मिळाले. हैदराबादला उद्योजकांच्या संघटनेचे ग्रीन बिझनेस सेंटर आहे. २००३ साली त्याला अमेरिकेबाहेरचे पहिले ‘लीड प्लॅटिनम’ मिळाले. तिथे आहे काय? मधला चौक, जाळ्यांच्या भिंती, वारा खाली ओढणारे मनोरे. आणि तिरुवनंतपुरमला लॉरी बेकर यांनी सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीजचे आवार बांधले. विटांच्या जाळ्यांतून वारा येतो, ऊन येत नाही, आणि जमिनीच्या उतारावरची झाडे जिथल्या तिथे ठेवून भिंतीच त्यांना वळसा घालून जातात. बेकर विटा आडव्या न ठेवता उभ्या बसवीत आणि मध्ये पोकळी सोडीत. रॅट ट्रॅप बाँड म्हणतात त्याला. सुमारे पाव हिस्सा विटा वाचतात, आणि पोकळीतल्या हवेमुळे भिंत कमी तापते.

मी हे उत्साहाने आमच्या गवंड्याला सांगितले. आमच्याकडे वीटभट्ट्या भरपूर; विटा वाचल्या तर बरेच होईल असे मला वाटले. त्याने ऐकून घेतले आणि विचारले, “म्हंजे मदी भोक ठेवाचा?”

“हो.”

“उंदरांसाठी?”

मी म्हटले, तसे नाव आहे, पण उंदीर शिरत नाहीत. तो म्हणाला, “सर, तुमचे केरलाचे उंदीर नसतील शिरत.”

विश्वस्तांपुढे मी सेवाग्रामचे उदाहरण ठेवले. ते परके नव्हे. पेण तालुक्यातल्या गागोद्यात १८९५ साली जन्मलेले विनोबा १९२१ पासून वर्ध्याला जाऊन राहिले होते, आणि तिथून जवळच गांधीजींनी १९३६ साली सेवाग्राम वसवले. तिथली कुटी बांधताना गांधीजींची अट होती की खर्च पाचशे रुपयांच्या वर जाता कामा नये आणि सामान आसपासच्या गावांतलेच असावे. माती, बांबू, कौले. अजून उभी आहे, लोक रांग लावून बघतात. विश्वस्तांनी माझे म्हणणे आदराने ऐकले. पैशाच्या गोष्टी ते नेहमीच आदराने ऐकतात. मग एकाने विचारले, “पाचशे रुपयांत बांधली, तर देणगीदाराचे नाव कुठे लावणार?”

या प्रश्नाला गांधीजींकडेही उत्तर होते असे वाटत नाही.

पाण्याकडे येतो. रायगड जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. एक हजार चौरस मीटरचे छत धरा, तीन मीटर पाऊस धरा: तीस लाख लिटर. दहा हजार लिटरचा टँकर म्हटला तर तीनशे टँकर एका छतावर येतात आणि गटारातून जातात. मग मे महिन्यात आपण टँकर मागवतो. आमच्या कॉलेजने पर्जन्यजल संधारण केले आहे. छतावरून एक पाइप खाली येतो, त्याला निळा रंग आहे, त्यावर बाण आहेत, बाणांवर ‘पाणी’ असे लिहिले आहे, म्हणजे वरून दुसरे काही येत असल्याचा संशय राहू नये. पाइप एका शोषखड्ड्यात जातो. आता कोकणात जुलैमध्ये जमीन काय शोषणार? विहिरी काठोकाठ असतात, पाणी जमिनीखालूनच वर बघत असते. खड्डा पहिल्या सरीत भरतो आणि उरलेले चार महिने तिथे बेडूक असतात. बाईंनी बेडकांची नोंद जैवविविधतेत करून घेतली. दुष्काळी भागातला उपाय जशाच्या तसा उचलून आणला की असे होते. इथे मुरवायची नव्हे, साठवायची अडचण आहे, आणि तीस लाख लिटरची टाकी बांधायची तर ती कॉलेजच्या मैदानापेक्षा जास्त पैसे मागते.

साठवायचे कसे हे आम्हाला माहीत नाही असेही नाही. पेणला हेटवण्याचे धरण आहे. त्याचे पाणी नवी मुंबई पिते, आणि खारेपाटातली वाशी, वढाव, शिर्की ही गावे उन्हाळ्यात हंडे घेऊन उभी राहतात. रोह्याची कुंडलिका भर उन्हाळ्यात वाहते, कारण मुळशीचे पाणी टाटांच्या भिऱ्याच्या केंद्रात वीज करून तिच्यात सोडतात. वीज मुंबईला जाते, आणि सुटलेल्या पाण्यात रबरी होड्या घालून ओरडायला कोलाडला मुंबईचीच माणसे येतात. गणपती पेणचे, बसतात जगभर. आमच्याकडे तयार झालेली चांगली वस्तू गावात थांबवून धरायची सवय आम्हाला कुणी लावलीच नाही. थांबते ते फक्त स्लॅबवरचे पाणी.

स्लॅबवरचे पाणी हा पेण-रोह्याचा खरा वास्तुशास्त्रीय विषय आहे. जगातल्या सपाट छतांची कल्पना ज्यांनी काढली त्यांनी इथला जुलै पाहिला नव्हता. पहिल्या पावसात स्लॅब टिकतो. दुसऱ्या पावसात छताच्या कोपऱ्यात नकाशा उमटतो. तिसऱ्यात त्या नकाशातल्या नद्या वाहू लागतात. आमच्या ग्रीन इमारतीने घाई केली, दुसऱ्याच पावसात नद्या सोडल्या. पॅनेल बसवताना पायांसाठी स्लॅबला भोके पाडली होती त्याचाही हातभार होता. ब्रिकबॅट कोबा झाला. मग डांबर झाले. मग मुंबईहून एक तज्ज्ञ आले, त्यांनी एक पांढरे रसायन फासले आणि दहा वर्षांची हमी लिहून दिली; ती हमी ज्या कपाटात ठेवली होती त्या कपाटावरच पाणी गळले.

शेवटी नागोठण्याच्या बाजूचा एक पत्रेवाला आला. तो वर चढला, चारी कडेला फिरला, थुंकला आणि म्हणाला, “स्लॅब कसला बरा करताव? त्याला टोपी घाला.”

आठवड्यात काम झाले. लोखंडी खांब, कैच्या, वर उतरता पत्रा, स्लॅबपासून चांगला नऊ फूट उंच. बाजू मोकळ्या, कारण बाजू बंद करण्याइतके पैसे उरले नव्हते. सौर पॅनेल उचलून पत्र्यावर लावले. गळती थांबली. आणि हळूहळू लोकांच्या लक्षात यायला लागले की वरचा मजला गार पडलाय. आधी तिथे मे महिन्यात तास घेणे ही शिक्षा होती, आणि ती नव्याने लागलेल्या प्राध्यापकांना दिली जाई. आता सीनियर लोक वेळापत्रकात वरचा मजला मागून घ्यायला लागले. कारण साधे होते. ऊन आता पत्रा खात होता, पत्रा आणि स्लॅब यांच्या मधली तापलेली हवा खारे वारे घेऊन जात होते, आणि स्लॅब दिवसभर सावलीत होता. पुस्तकात याला ‘हवेशीर दुहेरी छत’ म्हणतात आणि दमट प्रदेशासाठी त्याची शिफारस करतात. इमारतीत ठरवून केलेल्या सगळ्या हिरव्या गोष्टी एकीकडे आणि नाइलाजाने केलेली ही एक गोष्ट दुसरीकडे. थंडावा हिने दिला. श्रेय सौर पॅनेलला गेले, कारण बिल कमी झाले तेव्हा फोटो त्याचाच होता.

ही जागा सगळ्यांत आधी ओळखली ती गावातल्या मूर्तिकारांनी. त्यांना ग्रीन ऑडिट वगैरे माहीत नाही. शाडूची मूर्ती उन्हात वाळवली तर तिला तडे जातात. तिला सावली हवी आणि वारा हवा. हमरापूर-जोहे भागात जाऊन बघा, घराच्या ओटीवर, माळ्यावर, जिन्याखाली, जिथे म्हणून सावली आणि वारा एकत्र सापडतात तिथे गणपती ठेवलेले असतात. आमच्या एका मूर्तिकाराने (त्याची मुलगी कॉलेजात होती) वर येऊन पाहिले आणि प्राचार्यांना विचारले, “सुट्टी लागेपर्यंत चार पाट ठेवू का?” प्राचार्य हो म्हणाले. पाटांच्या फळ्या झाल्या, फळ्यांचे मांडव झाले. नॅकची समिती आली तेव्हा गच्चीवर कच्च्या, न रंगवलेल्या गणपतींच्या रांगाच रांगा होत्या, आणि हे प्राचार्यांच्या पूर्ण ध्यानातून गेले होते.

समिती तिघांची, तिघेही बाहेरच्या राज्यांतले. त्यांना खालच्या मजल्यावरच्या काचेच्या सभागृहात बसवले. पॉवरपॉइंट सुरू झाले. ‘अपारंपरिक ऊर्जा’ ही स्लाइड पडद्यावर आली आणि लाइट गेली.

अध्यक्षांनी नैसर्गिकपणे विचारले, “पण तुमचे सोलर आहे ना?”

आहे. पण महावितरणच्या तारेला जोडलेले पॅनेल तारेतली वीज गेली की स्वतःही बंद होते. ते तसेच बनवलेले असते. नाहीतर खांबावर चढून दुरुस्ती करणाऱ्या लाइनमनला वरून सूर्याचा शॉक बसायचा. भौतिकशास्त्राच्या सरांनी हे फार सुंदर समजावून सांगितले, अंधारात. बाहेर ऊन रणरणत होते. डिझेलचा जनरेटर होता, पण सातव्या निकषाच्या दिवशी त्याचा धूर दिसू नये म्हणून तो ताडपत्रीने झाकून कुलुपात ठेवला होता आणि किल्ली उपप्राचार्यांकडे होती आणि उपप्राचार्य समितीसाठी पोह्याचे पापड आणायला पेणला गेले होते. काचेच्या सभागृहाची दहा मिनिटांत काय अवस्था झाली ते सांगत नाही. समितीतल्या एका बाईंनी अहवालाच्या फाईलने वारा घ्यायला सुरुवात केली. आमच्या अहवालाचा तो पहिला प्रत्यक्ष उपयोग.

“पॅनेल बघूया,” अध्यक्ष म्हणाले. त्यांना पॅनेल बघायचे नव्हते, बाहेर पडायचे होते.

सगळे जिन्याने वर. दार उघडले आणि समोर गणपतीच गणपती. वरती पत्रा, खाली सावली, मधून सणसणीत वारा. प्राचार्यांचा चेहरा मूर्तींहून पांढरा पडला. पण समितीतल्या बाईंनी चपला काढल्या. अध्यक्ष भिंतीला टेकले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “बाकीचे प्रेझेंटेशन इथेच करा.” कोकम सरबत वर आणले. मामांनी मांडवाखालून बाके काढून दिली. लाइट आली तरी कोणी खाली जाईना. तिसरे सदस्य दोन वेळा मूर्तीची किंमत विचारून गेले आणि ती त्यांच्या गावापर्यंत न फुटता कशी नेता येईल याची चौकशी मामांकडे करत होते.

उठताना अध्यक्षांनी पत्र्याकडे बोट केले. “धिस रूफ. हू डिझाइन्ड इट?”

सगळ्यांनी प्राचार्यांकडे बघितले. प्राचार्यांनी हेडक्लार्कांकडे बघितले. हेडक्लार्कांनी वर बघितले. तेवढ्या वेळात प्राचार्य सावरले. “लोकल कन्सल्टंट,” ते म्हणाले.

अहवालात त्याची नोंद ‘हवामानाशी सुसंगत दुहेरी छत व पारंपरिक हस्तकलेस प्रोत्साहन’ अशी झाली. हे शब्द माझे. मानधन म्हणून मला एक कुंडी मिळाली. मग एका कॉलेजने ऐकले, त्याने दुसऱ्याला सांगितले, आणि आता आजूबाजूच्या संस्थांची पथके अभ्यासदौऱ्यावर येतात. गच्चीवर जातात, नऊ फूट उंची टेपने मोजतात, बाजू मोकळ्या का ठेवल्या यामागचा विचार विचारतात. मामा तो विचार सांगतात. त्यात पैसे संपल्याचा उल्लेख नसतो.

पत्रेवाल्याचा फोन नंबर मागितला जातो. तो पूर्वी फोनवरच चौरस फुटाचा भाव सांगून टाकायचा. परवा एका प्राचार्यांनी त्याला विचारले तर म्हणाला, “असा भाव नाय सांगता येत, सर. आधी तुमचा वारा बघाया लागेल.” वारा बघायचे तो पाचशे रुपये घेतो.